अटींचा रकाना

आमची खाला, म्हणजे मावशी, रोज पहाटे, फज्रची नमाज झाली की, पडवीत रेहाल मांडून कुराण वाचायला बसायची. दापोलीकडचं आमचं खाडीकाठचं गाव. समोर माडांची रांग, भरतीच्या पाण्याचा आवाज आणि त्यात मिसळलेला तिचा एका लयीतला स्वर. दर रमजानात ती तीसही सिपारे पुरे करायची. तिला अरबीतलं प्रत्येक अक्षर ओळखू येत होतं, उच्चार स्वच्छ होते. अर्थ मात्र एकाही ओळीचा माहीत नव्हता. गावातल्या कुणाही बाईला तो माहीत नव्हता, आणि माहीत असायला हवा असं कुणी म्हणतही नव्हतं.

खालूजान, म्हणजे खालाचे यजमान, दार-ए-सलामला नोकरीला होते. १९६३ च्या पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं, उर्दूत लिहिलेलं. घरात सगळे कोकणी बोलणारे. पत्र वाचायला उर्दू शाळेच्या मास्तरांना बोलवायला माणूस गेला. मास्तर पागोळ्या चुकवत ओटीवर चढेपर्यंत खाला पत्र हातात धरून भिंतीला टेकून खाली बसली होती. लिपी ओळखीची, त्यामुळे एक शब्द तिने आधीच वाचला होता. तलाक. हा शब्द तिने शेकडो वेळा वाचला होता, कारण कुराणातल्या ६५ व्या सूरेचं नावच ‘अत्-तलाक’ आहे.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आठवडाभरात खाला तिची पत्र्याची पेटी घेऊन आमच्या घरी राहायला आली, ती कायमची. पुढे मुंबईत एम.ए. करताना मी ती सूरा पहिल्यांदा अर्थासकट वाचली. अवघ्या १२ आयती. इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या मुदतीचे, दिवस मोजा, त्या काळात बाईला घराबाहेर काढू नका, दोन न्यायी माणसं साक्षीला ठेवा, आपल्या ऐपतीप्रमाणे तिला आपल्याच जागी राहू द्या, असं त्यांत सांगितलं आहे. खाला ज्या ओळी रोज सुरात म्हणत होती, त्या तिच्याच बाजूने बोलत होत्या, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथालयात ते पान उघडं ठेवून मी किती वेळ बसून होते कोण जाणे. आपण काय शिकवायचं, ते माझं त्या दुपारी ठरलं.

१९८१ साली मी दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात ‘इस्लामिक स्टडीज’ शिकवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग, लाकडी बाकं, कुरकुरणारा पंखा आणि १७ विद्यार्थी. त्यांत मुली अकरा. पुस्तकं मोजकी. मुस्लिम कायद्यासाठी दोन आधार : दिनशा मुल्ला या पारशी वकिलांचं जाडजूड पुस्तक आणि मुंबईच्याच असफ अली असगर फैझींचं १९४९ मधलं ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’. फैझी त्याच वर्षी वारले. एक प्रत ग्रंथालयाची, एक माझी. बाकीच्यांसाठी मी रात्री कार्बन घालून टाइप करायची. चौथी प्रत इतकी फिकट यायची, की मुली ती खिडकीशी धरून वाचत. शनिवारी मी जे.जे. रुग्णालयाजवळच्या मकतबा जामियात जाऊन उर्दू पुस्तकं चाळायची, नाहीतर टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसायची. लेनचा अरबी कोश तिथे पहिल्यांदा हाताळला.

दरवर्षी पहिल्या महिन्यात मी मुलींना एक काम द्यायची : आपल्या आईचा निकाहनामा शोधून आणा आणि वाचा. पहिल्या वर्षी अकरापैकी चौघींनाच तो मिळाला. एकीला काझींच्या दफ्तरात तीनदा खेपा घालाव्या लागल्या. एकीची आई म्हणाली, असा काही कागद असतो हे मला आज कळतंय. जे कागद आले ते आम्ही बाकावर पसरून वाचले. नाव, वली, वकील, दोन साक्षीदार, मेहेर. मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, बहुधा एकशे पंचवीस रुपये. आणि शेवटी एक रकाना : ‘शराइत’, म्हणजे अटी. चारही कागदांत त्या जागी काझींच्या बोरूने एक आडवी रेघ ओढलेली होती.

त्या रेघेपासून माझा विषय सुरू व्हायचा. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे, आणि करारात अटी घालता येतात. इमाम हुसैन यांची कन्या सकीना हिने आपल्या निकाहात नवऱ्याला अटी घातल्याचं जुने अरबी ग्रंथ सांगतात. ट्युनिशियातल्या कैरवान शहरात नवऱ्याने दुसरं लग्न करू नये, अशी अट निकाहात घालण्याची रीत शतकानुशतकं होती. तलाक-ए-तफवीज, म्हणजे तलाकचा अधिकार नवऱ्याने करारातच बायकोकडे सोपवणं, हे हनफी पंथाच्या फिक्हला, म्हणजे धर्मशास्त्राला, मान्य आहे आणि इथल्या न्यायालयांनीही ते मानलं आहे. मुली ऐकत राहायच्या. मग कुणीतरी हळूच विचारायची, “मॅडम, मग ही रेघ कुणी मारली?”

एका आयतीवर आम्ही तीन-तीन आठवडे घालवायचो. नवऱ्याने बायकोला मारण्याची मुभा जिच्यात वाचली जाते ती सूरा अन्-निसाची ३४ वी आयत आली की वर्ग गप्प व्हायचा. तिथे ‘मारणं’ असा अर्थ लावल्या जाणाऱ्या ‘दरब’ या क्रियापदाचे कुराणात कुठे कुठे कोणते अर्थ येतात, ते मुली वहीत उतरवून काढायच्या. जुने भाष्यकार तबरी काय म्हणतात, राझी काय म्हणतात, पैगंबरांचं स्वतःचं घरातलं वागणं कसं होतं, सगळं मांडायचं. दर वर्षी वाद व्हायचा आणि तो मला हवाच असायचा. मी मुलींना ५८ व्या सूरेची गोष्ट सांगायची. नवऱ्याने टाकलेली खौला पैगंबरांकडे जाऊन हुज्जत घालते, पुन्हा पुन्हा तक्रार मांडते, आणि आयत उतरते ती तिची बाजू घेऊन. त्या सूरेचं नाव ‘अल्-मुजादिला’, वाद घालणारी. ज्या ग्रंथात एका सूरेला वाद घालणाऱ्या बाईवरून नाव मिळालं आहे, तो वाचताना तुम्ही गप्प बसायचं कारण नाही, असं मी त्यांना म्हणायची.

आपल्याच परंपरेतली गुंतागुंतही त्यांनी पाहावी असं मला वाटे. मौलाना अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’ नवरीच्या सामानात हमखास असायचं. बाईने घरात कसं वागावं याच्या त्यातल्या शिकवणीने मुली चिडायच्या. मग मी सांगायची, की तलाक मिळवायला दुसरी वाट नाही म्हणून बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा याच थानवींनी मालिकी पंथाच्या मताचा आधार घेऊन बाईला निकाह तोडता येईल असा फतवा तयार केला. त्या खटपटीतून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. एकाच माणसाच्या दोन पुस्तकांत इतकं अंतर असू शकतं, हे कळलं की मुली कुणालाही डोळे मिटून मानत नसत आणि डोळे मिटून नाकारतही नसत.

२३ एप्रिल १९८५ ला शाहबानो खटल्याचा निकाल आला. लिहिला होता आपल्या मराठी सरन्यायाधीशांनी, यशवंतराव चंद्रचूडांनी. इंदूरची ती म्हातारी बाई, नवरा वकील. खालच्या न्यायालयाने पोटगी ठरवली महिना २५ रुपये, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि तेवढ्या रकमेवरून देश पेटला. मोहल्ल्यात मला लोक अडवून विचारत, तुम्ही आमच्या मुलींना काय शिकवता? बाहेरच्या सभांमध्ये दुसरे लोक विचारत, तुम्ही अजून त्या धर्मात कशा? दोन्ही प्रश्नांनी मला सारखंच दुखवलं. वर्गात मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, १७९ रुपयांत महिन्याचं काय काय येतं?” आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तांदूळ, रॉकेल, तेल, खोलीचं भाडं. हिशेब जुळला नाही. इतक्या वर्षांत तो निकाल मी याहून चांगला कधी शिकवला नाही. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि निकालाचं बळच काढून घेतलं. त्या दिवशी तीच मुलगी वर्गात रडली.

१९९२ साल मला दोन कारणांनी आठवतं. अमिना वदूद यांचं ‘कुरआन अँड वुमन’, लैला अहमद यांचं ‘विमेन अँड जेंडर इन इस्लाम’ आणि आपल्या मुंबईच्या असगर अली इंजिनियर यांचं ‘द राइट्स ऑफ विमेन इन इस्लाम’, तिन्ही त्याच वर्षी आली. दहा वर्षं मी फिकट कार्बनवर जे शिकवत होते, त्याला छापील सोबत मिळाली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दंगलींनी मुंबई जळायला लागली. जानेवारीनंतर वर्ग भरला तेव्हा काही बाकं रिकामी होती. काही मुलींची घरं मुंब्र्याला गेली. त्या पहाटेची लोकल धरून येत, वर्गात पेंगत, आणि मी त्यांना उठवत नसे. बाईच्या हक्काचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवस मागे पडलं. ज्या घराला बाहेरची भीती असते, त्या घरात बाईला आतलं भांडण मांडता येत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

मी २०१५ साली निवृत्त झाले. आता वर्षातून एकदा पाहुणी म्हणून त्याच तिसऱ्या मजल्यावर जाते. फळ्याच्या जागी पडदा आहे, पंख्याच्या जागी वातानुकूलन. हिजाब घालणाऱ्या मुली पूर्वीपेक्षा जास्त दिसतात आणि प्रश्नही त्याच जास्त विचारतात. मी आयतीचा क्रमांक उच्चारेपर्यंत त्यांच्या फोनवर मूळ अरबी, उर्दू, इंग्रजी, मराठी तर्जुमे उघडलेले असतात. लेनचा कोशही फोनवर आहे. ‘दरब’चा अर्थ लाले बख्तियार यांनी २००७ च्या आपल्या अनुवादात ‘दूर जाणं’ असा केला, हे एक मुलगी मलाच सांगते. ज्या पानासाठी मी टाउन हॉलच्या पायऱ्या चढले, ते आज त्यांच्या तळहातावर आहे. हे पाहून माझा ऊर भरून येतो. जुने दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवसांत माझी खाला होती.

कायद्याचंही तसंच. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतिफी खटल्यात १९८६ च्या कायद्याचा असा अर्थ लावला, की तलाक दिलेल्या बाईच्या पुढच्या आयुष्याची तरतूद नवऱ्याला इद्दतीच्या मुदतीतच करावी लागेल. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने सांगितलं, की तलाक दिला असं नुसतं म्हणून चालणार नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, सगळं सिद्ध करावं लागेल. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात तिहेरी तलाक रद्द ठरला. त्या दिवशी मला मेहरुन्निसा दलवाईंची आठवण झाली. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हापासून त्या या लढ्यात होत्या. निकालाच्या जेमतेम अडीच महिने आधी, जून २०१७ मध्ये, त्या गेल्या. सात बायकांच्या मागणीला न्यायालयाने होकार द्यायला ५१ वर्षं लागली. २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची शिक्षा ठेवली, तेव्हा मी अस्वस्थ झाले. तो आत गेल्यावर पोटगी कोण देणार, हा फळ्यावरचा जुनाच हिशेब होता. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी मुस्लिम घटस्फोटितेलाही मागता येते. शाहबानोंच्या निकालापासून इथवर यायला ३९ वर्षं गेली.

तरी एक गोष्ट हरवली आणि तिची मला मनापासून हळहळ वाटते. एका आयतीपाशी तीन आठवडे थांबणारा वर्ग आता नाही. आता अर्थ तुकड्यातुकड्यांनी येतो, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून. एक मुलगी एका मौलानांची फीत दाखवते, दुसरी परदेशातल्या विदुषीची, आणि दोघी आपापल्या फितीपाशी थांबतात. आमच्याकडे पुस्तकं मोजकीच होती, म्हणून अकराजणींना एकाच पानावर वाकावं लागे आणि एकमेकींचं ऐकावंच लागे. खौलाने वाद घातला तो समोर बसून, उत्तर येईपर्यंत न उठता. ती बैठक मला या मुलींना द्यावीशी वाटते. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी माझ्या घरी चटईवर बसून आम्ही सातआठजणी एक पान वाचतो. फोन दाराशी टोपलीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या एकीचा निकाह ठरला. तिची आई १९८५ च्या त्याच वर्गातली, फळ्यावर हिशेब मांडणाऱ्यांपैकी. मुलगी निकाहनाम्याचा मसुदा घेऊन आली. अटींच्या रकान्यात चार अटी होत्या : शिक्षण पुरं करू द्यायचं, कमाई तिची तिच्याकडे राहील, दुसरं लग्न नाही, आणि तलाक-ए-तफवीज. चौथीवरून दोन घरांत पंधरा दिवस ओढाताण झाली. मुलाचे अब्बा म्हणाले, लग्नाआधीच तलाकचं नाव काढणं अशुभ. ती म्हणाली, “अब्बा, कुराणात त्या नावाची एक अख्खी सूरा आहे.” आणि त्यांच्या समोर बसून तिने ती अर्थासकट वाचली, बारा आयती, अध्येमध्ये न थांबता. चारही अटी राहिल्या.

निकाहाच्या दिवशी सहीआधी तिने कागद माझ्याकडे दिला. छापील मजकूर उर्दूत होता. अटींचा रकाना मात्र तिने स्वतःच्या हाताने भरला होता, मराठीत, बाळबोध अक्षरांत. काझीसाहेबांनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मला उर्दू वाचता येत नाही. माझ्या अटी मला वाचता यायला हव्यात.”

घरी आल्यावर मी खालाची पत्र्याची पेटी उघडली. खालाच्या मागे ती पेटी माझ्याकडे आली आहे. तीत खालाचा निकाहनामा आहे, रेघ ओढलेला, आणि घडीवर विरत चाललेलं दार-ए-सलामचं पत्र. त्या दोन कागदांवर मी या मुलीच्या निकाहनाम्याची नक्कल ठेवली आणि पेटी मिटली.