सायकल खाली उतरवली

दीड-दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, पाय कसा आहे. पाय बरा आहे. आजची नोंद पायाचीच, म्हणजे पायाची, सायकलची आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांची. तिघांचा संबंध कसा ते पुढे येईल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या जुलैत लावणीला रोपाच्या मुठी घेऊन बांधावरून चाललो होतो, घसरलो आणि उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. लावणी घरच्यांनी आणि भावकीने उरकली, मी पडवीत बसून सूचना देत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. प्लॅस्टर निघालं तरी सांधा आखडलेलाच. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाला, किकही उजव्या पायाला. किक मारली की डोळ्यांसमोर काजवे. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, वजन न पडता घोटा फिरेल.

सायकल होती. सहा वर्षं पडवीच्या वाशाला टांगलेली. बाबांची ॲटलस, बावीस इंची, दांड्याची. तिच्या कॅरियरला पाटी बांधून बाबा वालाच्या शेंगा, काकडी, पडवळ घेऊन बदलापूरच्या बाजारात जायचे. पोरांनी हट्ट केला म्हणून मी मोटरसायकल घेतली आणि ही वर गेली. (त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली 3 जूनला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी.)

मुलाने खाली उतरवून दिली. चेन गंजून काठीसारखी ताठ. मडगार्डमध्ये गांधीलमाश्यांचं जुनं घर. दोन्ही टायर हाताने चुरले तर चुरतील असे. रिमला मात्र फारसं काही झालं नव्हतं, बाबांनी ग्रीस भरपूर भरलेलं. बदलापुरात दोन दुकानं पाहिली. तिथे पोरांच्या गिअरवाल्या सायकलींचं सामान, आमच्या अठ्ठावीस-दीडच्या टायरला कोणी विचारत नाही. एकाने सांगितलं, कॅम्पात जा.

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये उल्हासनगर नाव पडलं. आमच्या तोंडात अजून कॅम्पच. लोकलने गेलो, दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर घेतले. गल्ल्यावरचे म्हातारे शेठ माझा घोटा बघून म्हणाले, "शेतकरी आहात ना? मग सीट एक बोट खाली ठेवा, पाय जमिनीला लागला पाहिजे." फुकटचा सल्ला, पण सगळ्यात कामाचा तोच निघाला.

आता ऋतूबद्दल. आमच्याकडे सायकलचा हंगाम लहान असतो. पावसात चिखल, मग कापणी-झोडणी, पौषात सकाळी नदीकाठी धुकं. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. बदलापूरला चैत्र लागला की अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमचा खरा वसंत अर्ध्या माघापासून होळीपर्यंत. पहाटे अंगावर काही घ्यावंसं वाटतं, आठ वाजता ते काढावंसं वाटतं. काटेसावर पानं टाकून लाल होते, पळस पेटतो, पांगाऱ्यावर मैनांचा गोंधळ. होळी जळाली, थंडी पळाली, मग संपलं. एवढ्यात जे काय फिरायचं ते फिरून घ्यायचं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सकाळी सहाला निघालो. घरापासून नदीच्या पुलापर्यंतच जायचं ठरवलं होतं. टांग टाकायला धीर होईना, म्हणून बांधाच्या दगडावर उभं राहून बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस लहान पोरासारखा दगड शोधतोय हे बघून वाल उपटणाऱ्या बायका हसल्या. वाल उपटायचा तो पहाटेच, दव असेपर्यंत. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणे शेतातच राहतात. त्यामुळे ह्या दिवसांत सहा वाजताही शेतात माणसं भेटतात. "पाय बरा का रे?" पाच ठिकाणी विचारणा झाली. मोटरसायकलवर असतो तर हात वर करून पुढे गेलो असतो, सायकलवरून उत्तर द्यावंच लागतं.

पुलावर थांबलो. उल्हासला पाणी होतं. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारं पाणी येतं म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते, नाहीतर तिचंही आमच्या ओढ्यांसारखं झालं असतं. घोटा दुखत होता, पण लावणीच्या दिवशीसारखा नाही. परत फिरलो.

मुख्य गोष्ट आता येते. परतताना वाटेत एका शेजाऱ्याचा मोठा रायवळ आंबा रस्त्यावर ओणवा आहे. त्याच्या सावलीत दम खायला दोन मिनिटं थांबलो. घरी आलो, हँडल सोडलं तर तळवा रबराला चिकटलेला. हाताच्या केसांवर बारीक चकचकीत ठिपके, शर्टाच्या खांद्यावरही. आधी वाटलं ग्रीस. वास घेतला, मग जिभेला लावलं. गोड.

ज्यांच्याकडे आंबा आहे त्यांना कळलं असेल. तुडतुडे. मोहोरातला, कोवळ्या पालवीतला रस शोषतात आणि वरून चिकटा गाळतात. पानांवर त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि मोहोर वाळून झडतो. माझी अकरा झाडं त्या रायवळापासून हाकेच्या अंतरावर.

गेल्या वर्षी, म्हणजे 2024 ला, ह्याच दिवसांत मी त्याच आंब्याखालून रोज दोनदा मोटरसायकलने जात होतो. चाळीसच्या वेगात चिकटा अंगावर पडत नाही, पडला तरी कळत नाही. मला कळलं ते पानं काळी झाल्यावर. अकरापैकी आठ झाडांचा मोहोर गेला. त्या वर्षी घरात आंबा विकत आणला. आई काही बोलली नाही, पण साल काढताना दोनदा विचारलं, कितीला आणला.

या वेळी त्याच सकाळी काठी घेऊन झाडं बघितली. फांदी हलवली की तुडतुडे उडून पानांवर आपटतात, बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. सात झाडांवर आवाज होता. चुलतभाऊ पंप घेऊन तयारच. "दादा, आजच मारून टाकू सगळ्यांवर." त्यावरून आमचं थोडं वाजलं. तीन झाडांचा मोहोर पूर्ण फुललेला होता. फुललेल्या मोहोरावर फवारलं तर फळ धरवणाऱ्या माश्याही मरतात, मग तुडतुडे गेले तरी फळ कुठून येणार? शेवटी मोहोर अजून डोकावत होता त्या चार झाडांवरच, कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातलं त्या अवस्थेचं औषध, संध्याकाळी वारा पडल्यावर घेतलं. फुललेल्या तिघांना हात लावला नाही. त्यातल्या एकाचा मोहोर गेला. भाऊ रोज एकदा तरी ते झाड मला दाखवतो. दाखवू दे.

तर मग रोज सायकल. आठवड्यात बदलापूर स्टेशन, आणखी काही दिवसांनी अंबरनाथ. महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती. शिवमंदिरात सायकलनेच जायचं मी मनात धरलं होतं. ते देऊळ शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. बाबा दर शिवरात्रीला ह्याच सायकलवर आईला मागे बसवून न्यायचे. पण हवामान खात्याने नेमका 25 आणि 26 तारखेला ठाणे, मुंबई, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. फेब्रुवारीत! किनारपट्टीला कमाल तापमान 37 किंवा वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर लाट धरतात. दोन्ही अटी फेब्रुवारीतच पुऱ्या होतील असं मला तरी वाटलं नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. यात्रेची गर्दी रात्रीपासूनच होती, सायकल लांब लावून रांगेत उभा राहिलो, दर्शन होईपर्यंत साडेनऊ वाजले. परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं शेती करून कळली नव्हती.

रोजचं असं असतं. सकाळी वारा घाटाकडून, पूर्वेकडून येतो. बदलापूरहून अंबरनाथ-उल्हासनगरकडे जाताना तो पाठीशी. दहा-अकराच्या सुमाराला समुद्राकडचा वारा सुटतो, परत येताना तोही पाठीशी. म्हणून ह्या रस्त्यावर सायकलवाल्याची मजा. त्या दिवशी परतताना वारा तोंडावर. अकरा वाजून गेले तरी पूर्वेचाच, चुलीतून आल्यासारखा. समुद्राचा वारा वेळेवर आला नाही की जमिनीवरून आलेला हा कोरडा वारा कोकणात पारा चढवतो. रेडिओवर कितीदा ऐकलं असेल. त्या दिवशी पायडल मारताना मांड्यांना समजलं.

आता मी रोज वहीत लिहितो, परतताना वारा तोंडावर होता की पाठीवर. तोंडावर असेल त्या दिवशी संध्याकाळी आंब्याला पाणी. फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला 150 ते 200 लिटर पाणी आणि बुंध्याभोवती गवताचं आच्छादन ही विद्यापीठाची शिफारस आहे. आमची विहीर तेवढी देत नाही. म्हणून मी पंधरा दिवसांचा हिशोब सोडून उष्ण वाऱ्याच्या दिवसांवर पाणी धरलंय, मिळेल तेवढं, आणि भाताचा पेंढा जाड पसरलाय. कोणा कृषी सहायकांना हे चुकीचं वाटत असेल तर खाली लिहा, मी वाचेन. त्या दोन दिवसांत बारीक फळ गळलं ते गळलंच, झाडाखाली सडा होता. राहिलेलं आज बोराएवढं आहे.

अजून एक. त्याच दिवशी परतताना बदलापूरच्या अलीकडे मी सावली शोधत होतो. बाबांच्या मागे बसून जायचो तेव्हा थांबायची ठिकाणं ठरलेली असत, चार जांभळी. पहिल्या जागी इमारतीचा पत्रा. दुसऱ्या जागी रस्ता रुंद झालेला. तिसरी होती, पण अर्धी छाटलेली, तारेसाठी. चौथी सापडली, तिच्याखाली डंपरवाला गाडी लावून झोपला होता. मोटरसायकलवरून सहा वर्षं ह्या रस्त्याने जातोय. दोन जांभळी कधी कमी झाल्या ते मला सांगता येणार नाही. मोटरसायकलवाल्याला सावली लागतच नाही.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, चांगलं झालं. पण कागदावर मानांकन आणि रस्त्यावर झाड नाही असं व्हायला नको. होळीनंतर मी सकाळी सायकलवरून जांभळी मोजायला सुरुवात केली. आता त्या फुलावर आहेत, दुरून दिसलं नाही तरी खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा घुमणारा आवाज येतो, त्यामुळे चुकत नाही. आमच्या गावापासून पुलापर्यंत एकोणीस झाल्या. पूल ते स्टेशन अजून बाकी आहे.

उद्या तेवढा तुकडा करायचाय. सहाला पुलावर असेन, साडेआठच्या आत परत, कारण नंतर ऊन सोसत नाही. कोणाला यायचं असेल तर या. हवेचा पंप माझ्याकडे आहे, पण पंक्चरचं सोल्युशन संपलंय, तेवढं घेऊन या.