सणातलं काम

इथिओपियात 25 डिसेंबर हा साधा कामाचा दिवस असतो. त्यांच्या पंचांगात ती ताहसास महिन्याची 16 तारीख. शाळा भरते, बँका उघड्या असतात, निलगिरीच्या लाकडांचे भारे गाढवांवर लादून माणसं नेहमीसारखी बाजाराला येतात. तिथला नाताळ, म्हणजे गेन्ना, 7 जानेवारीला. गोंदर शहरात आम्ही निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक एका घरात राहत होतो. त्यातल्या ज्यांचा नाताळ डिसेंबरातला, ते त्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर जात. सणाची सगळी तयारी मनात असते आणि गावाला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी वाटणारं एकटेपण आजारपणातल्या एकटेपणापेक्षाही वेगळं. आजारी माणसाला निदान कोणीतरी विचारतं.

मी तिथे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. आमच्या भागाला भारतीय शिक्षक नवे नाहीत. सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडून कितीतरी शिक्षक तिकडे गेले, आणि आजही साठी उलटलेला एखादा माणूस बाजारात थांबवून सांगतो, मला गणित एका भारतीय सरांनी शिकवलं. त्या अनोळखी सरांच्या पुण्याईवर मला पहिल्या दिवसापासून मान मिळाला. मान मिळाला की खुर्ची मिळते. कोणाच्याही घरी जा, सगळ्यात चांगली जागा माझी, पहिला कप माझा. स्वयंसेवकाला हे सुखाचं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत त्याचं ओझंही होतं. दिवसभर आपण कोणाच्या तरी उपयोगी पडायचं आणि संध्याकाळी मात्र पाहुणं होऊन बसायचं.

व्हीएसओसारखी स्वयंसेवक पाठवणारी संस्था ब्रिटनमध्ये 1958 साली निघाली, तेव्हा तिथले तरुण परदेशी जात. आता केनिया, फिलिपिन्स, भारत अशा देशांतूनही स्वयंसेवक जातात. आमच्या घरात एक फिलिपिनो नर्स होती. तिच्या देशात नाताळची गाणी सप्टेंबरातच सुरू होतात, आणि 16 डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते. ती पहाटे उठून एकटीच बसायची. एका रविवारी तिने निलगिरीच्या बारीक काटक्या आणल्या आणि मला म्हणाली, "धर जरा." तिला पारोल करायचा होता, नाताळातला चांदणीचा कंदील. पाच काटक्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकं बांधायची आणि मधे आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचं. माझ्या हातांना हे सगळं ठाऊक होतं. सुताने आवळताना गाठ कुठे घ्यायची, मैद्याची खळ किती घट्ट हवी, कागद काठावर दुमडताना कोपऱ्याला चीर का द्यायची, हे मी लहानपणी दर दिवाळीत वडिलांच्या शेजारी बसून शिकले होते. दोघी बोललोही नाही फारशा. वीज गेली तरी आतल्या छोट्या बॅटरीवर तो कंदील व्हरांड्यात उजळला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ती मोठ्याने गायली. मीही गायले असते, पण मला शब्द येत नव्हते.

गेन्नाच्या आधी तिथे 43 दिवसांचा उपास असतो. मांस, दूध, अंडी काही चालत नाही. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला हे दिवस सोन्यासारखे. टेफ या धान्याच्या पिठाची आंबवलेली पोळी, म्हणजे इंजेरा, मसुराची आमटी आणि शिरो. शिरो म्हणजे डाळींच्या पिठाचं तिखट पिठलंच, फक्त मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतं. उपासाच्या स्वयंपाकाला तेल बरेचदा नूगचं. नूग म्हणजे आपले कारळे. हे पीक मूळचं इथिओपियाच्याच डोंगराळ भागातलं. कारळ्याची चटणी खात मोठी झालेली मी, त्या फोडणीचा वास आला की अंगणातच थांबायची.

पहिल्या गेन्नाला शेजारच्या बाईंनी बोलावलं. सगळे त्यांना एतिये म्हणत, मीही म्हणू लागले. जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं, कोपऱ्यात ऊद जळतोय, सगळ्यांच्या अंगावर पांढरे सुती कपडे. मला नेहमीप्रमाणे चांगल्या जागी बसवलं. घरातल्यांनी दीड महिन्याचा उपास कोंबडीच्या रश्शावर सोडला, आणि एतियेंनी माझ्यासाठी आठवणीने शिरो वेगळा काढून ठेवला होता. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हाताने मला भरवला. तिथे तशी रीतच आहे, आणि घास जितका मोठा तितकी माया मोठी. मग कॉफीचे तीन फेरे. मला भरून आलं, तरीही घरी परतताना मन कुठेतरी रिकामं होतं. आपल्याकडे सणाच्या घरात जो नुसता बसलेला असतो, तो जावई तरी असतो नाहीतर परका.

पुढच्या वर्षी मी सणाच्या आदल्या दिवशीच गेले. काही ठरवून नाही, दोरी हवी होती म्हणून. एतिये अंगणात कांद्याच्या ढिगापुढे बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाजूचं पाट्यासारखं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि सुरी हातात दिली. डोरो वातला, म्हणजे त्या कोंबडीच्या रश्शाला, किती कांदा लागतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही. एका कोंबडीला किलो-दोन किलो कांदा, तोही बारीक चिरलेला. आधी तेलतूप न घालता कोरड्या भांड्यात मंद आचेवर तो तासन् तास परतायचा, पूर्ण विरघळेपर्यंत. मग बेर्बेरे हा तिखट मसाला, मग मसाल्याचं तूप. कोंबडीचे तुकडे बरोबर 12. तेवढे नीट पाडता येणं ही तिथे सुगरणीची परीक्षा मानतात. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं नाही. माझा कांदा जाड झाला तर एतिये चमच्याने तो बाजूला सारून पुन्हा माझ्या पुढ्यात टाकत. मी पुन्हा चिरत असे. डोळे वाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. त्या वर्षी जेवताना मला कोणी खुर्ची दिली नाही; मी वाढत होते.

तेव्हापासून माझं असं पक्कं मत झालंय की परक्या मुलखात आपला सण जपण्याची धडपड ठीकच, पण मन शांत होतं ते दुसऱ्याच्या सणात हाताला काम मिळाल्यावर. कामाचंही तसंच. प्रशिक्षण वर्गात मी तयार पाठ घेऊन उभी राहायचे तोवर शिक्षक नम्रपणे ऐकून घेत. फळ्यासाठी पुठ्ठे कापायला आम्ही एकत्र जमिनीवर बसलो, तेव्हा ते मला चुका दाखवू लागले, आणि वर्ग खरा सुरू झाला.

गेन्ना आणि तिमकत या तिथल्या दोन सणांच्या मध्ये आपली संक्रांत येते. गोंदरच्या पश्चिमेला मेतेमा आणि हुमेराच्या बाजूला तीळ उदंड पिकतो, पांढरा, भरलेला. गूळ मला बाजारात मिळाला नाही, म्हणून साखरेच्या पाकात थोडा मध घालून वड्या केल्या. मी एकटीने नाही केल्या. एतियेंच्या नातींना तीळ निवडायला बसवलं, केनियाच्या सहकाऱ्याने पाक हलवला, एतियेंनी तीळ भाजले आणि मी भाजले असते त्याहून छान भाजले. त्यानंतर तिमकतला, 19 जानेवारीला, सतराव्या शतकातल्या सम्राट फासिलिदेसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुंडात पाणी भरलेलं असतं, आशीर्वाद झाला की तरुण त्यात उड्या घेतात. त्या गर्दीतही मुलींच्या हातात त्या वड्या होत्या.

2020 मध्ये उत्तर इथिओपियात युद्ध पेटलं. टिग्रे प्रांतातलं 2022 मध्ये थांबलं, पण गोंदर ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथे 2023 पासून पुन्हा लढाई सुरू झाली. एतियेंचा फोन कधी लागतो, कधी महिनाभर लागत नाही. लागला की त्या आधी विचारतात, जेवलीस का.

आता मी पुण्यात आहे. इथे शिकायला आलेली इथिओपियाची दोन मुलं दिवाळीत होस्टेलवर अडकून पडतात, मेस बंद, गल्ली रोषणाईने भरलेली. त्यांना मी लक्ष्मीपूजनाला बोलावत नाही, चार दिवस आधी बोलावते. करंजीची कड त्यांना अजून जमत नाही. पण चकलीचा सोऱ्या पिळायला जोर लागतो, तो त्यांच्याकडे असतो, आणि पीठ घट्ट झालं तर आता ती मला स्पष्ट सांगतात, मावशी, थोडं पाणी घाला.