तांब्याच्या नाण्यांची गणती

मराठी घरात सर्वस्व बुडाले की ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. तसे म्हणणाऱ्या बहुतेकांनी पानिपत पाहिलेले नसते. माझ्या अकोल्याच्या मावशीनेही ते पाहिले नव्हते. परंतु काही काळापूर्वी आलेल्या तिच्या पत्रात खुशालीच्या मजकुराखाली तीनच शब्द होते : ‘माझे पानिपत झाले.’

मावशी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाली. हाती आलेला फंड तिने एका बहुराज्य सहकारी पतसंस्थेत ठेवला. तेथे बँकेपेक्षा दोन टक्के व्याज अधिक मिळे. पण तिचा भरवसा व्याजावर नव्हता. ठेवी गोळा करणारा तरुण तिचाच विद्यार्थी होता, आणि ‘बाई, मी आहे ना’ या त्याच्या चार शब्दांवर तिने आयुष्याची पुंजी सोपवली होती. एके दिवशी संस्थेच्या दारावर कुलूप दिसले. मावशीने कित्येक महिने कोणाजवळ अवाक्षर काढले नाही.

मी दिल्लीत भाषांतर व संपादनाचे काम करते. पत्र वाचताच तिला बोलावून घेतले. ती आली, पण पावत्यांची पिशवी उघडू देईना. “अगं, माझ्याच हातानं दिले. आता कोणत्या तोंडानं मागू? लोक म्हणतील, शिकलीसवरलेली बाई आणि अशी फसली!” चोराने पैसे नेले होते, आणि लाज मात्र धन्याच्या घरी राहिली होती.

तिचे मन रमावे म्हणून पौषातल्या एका रविवारी आम्ही पानिपतला गेलो. दिल्लीहून ते सुमारे नव्वद किलोमीटर. शहराबाहेर काला अंब नावाचे स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ च्या रणात सांडलेल्या रक्ताने येथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. ते झाड आता नाही. विटांचा एक स्तंभ तेवढा उभा आहे. धुके पुरते विरले नव्हते. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेली मावशी बराच वेळ त्या स्तंभासमोर निःशब्द उभी राहिली.

मग तिने त्या सावकारी पत्राची आठवण काढली. पराभवाची वार्ता पेशव्यांना एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली, असे सांगतात. त्यात माणसांची नावे नव्हती, मोती आणि नाणी होती. गळालेले दोन मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. आणि रुपे-तांबे किती गेले याची मोजदादच नव्हती.

“इतकी वर्षं मुलांना हे सांगितलं,” मावशी म्हणाली, “पण मोत्यांवरच थांबत आले. तांबं म्हणजे कोण, ते आज कळतंय. ज्याची गणतीच झाली नाही, त्याचं गेलेलं कोण परत करणार?”

त्या रात्री तिने आपण होऊन पिशवी टेबलावर रिकामी केली.

आम्ही दोघींनी कागद लावले. एक गोष्ट तेथेच स्पष्ट झाली. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाल्यावर देशात ठेव विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदारामागे दीड हजार रुपयांचे संरक्षण मिळू लागले, आणि २०२० साली ते पाच लाखांवर गेले. पण हे छत्र बँकांपुरते आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. ज्या गावातल्या बँकेच्या पडझडीने हे छत्र उभारायला हातभार लावला, त्याच गावची मावशी छत्राबाहेर उभी होती.

तरीही वाट होती. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याअन्वये ठेवी बुडवणाऱ्यांची मालमत्ता शासन जप्त करू शकते, सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने ती विकून आलेली रक्कम ठेवीदारांत न्याय्य रीतीने वाटली जाते. संस्था बहुराज्य असल्याने केंद्रीय निबंधकांकडेही तक्रार करता येते. या सर्व वाटा एकाच पायरीपासून निघतात : आपले नाव आणि आपली रक्कम लेखी नोंदवणे.

अकोल्याला परतताच मावशीने आर्थिक गुन्हे शाखेत जबाब दिला. तेथे रांगेत तिला भाजीवाली भेटली, शिंप्याची विधवा भेटली, आणि ज्याच्यावर तिचा सर्वाधिक राग होता त्या विद्यार्थ्याची आईही भेटली. त्या माउलीचीही ठेव बुडाली होती. मावशी त्या तरुणाच्या घरी गेली आणि एवढेच म्हणाली, “बाळ, मला पैसे मागायचे नाहीत. तुला जे ठाऊक आहे, ते सरकारला सांग.” त्याने ते सांगितले.

पैसे अद्याप आलेले नाहीत. काही मालमत्ता जप्त झाली आहे. तारखा पडत आहेत. सगळी रक्कम परत मिळेल, अशा भ्रमात मावशी नाही. पण ज्यांना अर्ज लिहिता येत नाही अशा बाया दर गुरुवारी तिच्या ओसरीवर येतात. ती पावत्यांवरचे आकडे वाचते, तारखेप्रमाणे लावते आणि झेरॉक्स काढायला धाडते. मूळ पावती कोणालाही देऊ नका, असे प्रत्येकीला बजावते. लिहिण्यापूर्वी ती एकच प्रश्न विचारते, “लाज तुम्हांला वाटते की त्यांना वाटायला हवी?”

परवा तिचे पत्र आले. त्यात ‘पानिपत’ हा शब्द कोठे नव्हता. पुढल्या तारखेला किती जणी न्यायालयात येणार, याची गणती मात्र होती.