लेण्यांच्या पायथ्याचं नागसेनवन

छत्रपती संभाजीनगरला आलेला पर्यटक पाणचक्की पाहतो, बीबी का मकबरा पाहतो आणि वेरूळची गाडी धरतो. नागसेनवन हा महाविद्यालयाचा परिसर त्याच्या वाटेवरच असतो, पण तिथे उतरणारे थोडे. मला मात्र तेच पाहायचं होतं. सकाळी आधी मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी चढलो. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती आठ महाभयं कोरली आहेत. आग, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि त्यांतच बेड्या. गुलामीला श्वापदांच्या पंगतीला बसवणाऱ्या त्या कारागिरांना माणसाचं दुःख नेमकं कळलं होतं.

डोंगर उतरला की विद्यापीठ. १९५८ साली ते मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याला द्यावं असा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि त्याला विरोध म्हणून मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्यांची घरं जळली त्यांतले कितीजण कॉलेजची पायरीही चढले नसतील! तरी विद्यापीठ आपलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. दर १४ जानेवारीला या प्रवेशद्वारापाशी खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात, नमस्कार करतात, पुस्तकं विकत घेतात.

हे आपलेपण आलं कुठून, याचं उत्तर थोडं खाली, नागसेनवनात मिळतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला मुंबईत स्थापन केली आणि वर्षभरात सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं. दुसरं कॉलेज त्यांनी इथे, मराठवाड्यात काढलं. निजामी राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. विद्यापीठ होतं ते दूर हैदराबादला, तेही निजामाच्या काळात उर्दू माध्यमाचं. येसकरी आणि वेठबिगारीत पिढ्या गेलेल्या घरातल्या पोराने तिथवर जायचं कसं? म्हणून जून १९५० मध्ये कॉलेज त्याच्या मुलखात आलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. त्याच महिन्यात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला.

परिसराला नाव मिळालं भिक्खू नागसेनाचं आणि कॉलेजला राजा मिलिंदाचं. मिलिंद म्हणजे नागसेनाला प्रश्नांनी भंडावून सोडणारा आणि पटल्यावर तसं मोकळेपणाने मानणारा ग्रीक राजा. ज्यांना शतकानुशतकं ‘का?’ विचारायची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दिलं. मला यात त्यांचा सगळा शिक्षणविचार दिसतो. नोकरीपुरती पदवी त्यांना पुरेशी वाटत नव्हती.

आणि मुलं बोलू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांसमोर झालं. पुढे इथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं. गावकुसाबाहेरचं जगणं मराठी साहित्यात आणणाऱ्या किती नव्या लेखकांना या नियतकालिकाने पहिल्यांदा छापलं!

आज काही इमारती थकलेल्या दिसतात. एवढ्या मोठ्या वारशाची निगा याहून चांगली राखली जायला हवी. अजिंठा वसतिगृहाजवळ परभणीकडचा एक विद्यार्थी भेटला. आई-वडील ऊसतोडीला जातात. लहानपणी तोही फडावर जायचा आणि सहा महिने शाळा बुडायची. मग आजीने त्याला गावातच ठेवून घेतलं.

“धाकटी बहीण अकरावीला आहे सर,” तो म्हणाला. “घरी तिच्या लग्नाचं चाललंय. मी सांगितलंय, बारावी झाली की तिला इथं आणणार.”

प्रवेशाला कोणकोणती कागदपत्रं लागतात, ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. जातीचा दाखला तेवढा काढायचा राहिला होता. त्यासाठी तो शनिवारी गावाकडे निघणार होता.