थायलंडच्या डोंगरातले ‘दोस्ती’

थायलंडला निघालो आहोत असे सांगितल्यावर ओळखीच्या मंडळींचा पहिला प्रश्न असे, “तिथं मुसलमानानं खायचं काय?” दुसरा प्रश्न कोणी तोंडावर विचारला नाही, पण नजरेत होता. बँकॉक आणि पटायाच्या जाहिरातींनी या देशाचे नाव आपल्याकडे तसेच करून ठेवले आहे. आम्हाला मात्र समुद्रकिनारे पाहायचे नव्हते. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर एकेक सॅक टाकून, पोरासोरांसारखे, उत्तरेकडच्या भातशेतीच्या मुलखात चार दिवस काढायचे एवढेच ठरवले होते.

चियांग माई हे उत्तरेचे मोठे शहर. गुरुवारी रात्री तिथे पोहोचलो, म्हणजे दुसऱ्या दिवशी जुम्मा. हे शहर जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे आणि किब्लाही आपल्यासारखाच पश्चिमेला, त्यामुळे दिशा शोधण्याची दगदग नव्हती. रात्रबाजाराच्या मागच्या गल्लीत बान हॉ मशीद आहे. तिच्या समोरच्या मोकळ्या जागेत दर शुक्रवारी सकाळी बाजार भरतो. डोंगरातल्या बायका भाज्या, लोणची, सुकवलेले गोमांस, सोयाबीनचे पदार्थ घेऊन बसतात. विकणाऱ्या सगळ्या मुसलमान नाहीत, पण बाजार मशिदीच्या सावलीतला.

ही मशीद ज्यांची, त्यांना थाई लोक ‘चिन हॉ’ म्हणतात. मूळचे चीनच्या युन्नान प्रांतातले. खेचरांचे तांडे घेऊन ते डोंगरवाटांनी ब्रह्मदेश आणि थायलंडपर्यंत व्यापाराला येत. पुढे 1856 मध्ये युन्नानच्या मुसलमानांनी तू वेन-श्यू यांच्या नेतृत्वाखाली चिंग बादशाहीविरुद्ध उठाव केला. 1873 पर्यंत तो चिरडला गेला. कत्तली झाल्या, आणि जे वाचले त्यांतले कितीतरी याच व्यापारी वाटांनी दक्षिणेला उतरले. ज्या वाटेने माल येत होता, त्याच वाटेने मुलेबाळे आली.

नमाजनंतर अंगणात एक वयस्क गृहस्थ भेटले. आमच्यात सामायिक भाषा नाही. शाळेत जाणारा त्यांचा नातू मोडक्या इंग्रजीत मधे बोलत होता. सलामाच्या पलीकडे गाडी सरकेना. तेवढ्यात आजोबांनी आमच्या छातीकडे बोट करून म्हटले, “दोस्ती!” आम्ही चमकलो. चिनी मुसलमान आपल्या धर्मबंधूला ‘दोस्ती’ म्हणतात, शब्द फारसीतला. मग उर्दू शिकवणाऱ्या माणसाला राहवते कुठे? आम्ही विचारत गेलो आणि ते बोटांवर पाच नमाजांची नावे मोजत गेले. उच्चार चिनी वळणाचे, पण आत बामदाद, पेशीन, दीगर, शाम, खुफ्तन हेच शब्द. फजर-जोहर म्हणणाऱ्या आपल्यालाही त्यांतला ‘शाम’ तरी ओळखीचा आहेच. शतकांपूर्वी मध्य आशियातून चीनला गेलेले हे शब्द डोंगर ओलांडून थायलंडला आले आणि नातवंडांची बोली थाई झाली तरी टिकले. आमच्या शाळेत उर्दूच्या तुकडीत मुले का टाकावीत, असे विचारणारे पालक आम्हाला आठवले. नातवाने आजोबांची मोजणी एकदाही अडखळता पुरी केली, तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहायला ते पालक हवे होते.

खाण्याचा प्रश्न त्याच गल्लीत सुटला. ‘खाओ सोई’ नावाचा पदार्थ मिळतो. नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा, त्यात अंड्याच्या शेवया आणि कोंबडी किंवा गोमांस, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, बाजूला मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कांदा, लिंबू. हा पदार्थ याच तांडेवाल्यांशी जोडला जातो. थायलंडमध्ये हलालचा अधिकृत शिक्का चौकटीच्या आकाराचा असतो, तो पाहूनच बसावे. नुसते ‘माई साई मू’, म्हणजे डुकराचे मांस घालू नका, एवढे सांगून भागत नाही, कारण तेच तवे आणि तीच चरबी वापरली जाते. शिक्का नसेल तिथे आम्ही फळे आणि साधा भात यांवर राहिलो.

शनिवारी मिनीव्हॅनने ‘पाय’ला निघालो. गावाचे नावच तसे, उच्चार आपल्या पायासारखा. अंतर सुमारे 135 किलोमीटर, पण रस्त्याला 762 वळणे आहेत आणि तो आकडा गावात टी-शर्टांवर छापून विकतात. बेगमसाहिबांनी आले-लिंबू चघळत तीन तास काढले. पायमध्ये भाड्याच्या स्कूटरवरून पडून गुडघ्याला पट्टी बांधलेले गोरे प्रवासी जागोजागी दिसतात. आम्ही ड्रायव्हरसह गाडी ठरवली.

भात कापणीला आला होता. पाम बोक गावाजवळ शेतांवरून बांबूचा पूल जातो, सुमारे 800 मीटर लांब. गावकऱ्यांनी तो भिक्खूंना भिक्षेसाठी गावात येणे सोपे जावे म्हणून बांधला. चालताना पट्ट्या करकरतात, खाली बेडूक आणि पिवळी होत चाललेली लोंबी. तिथून आम्ही सांतिचोन या युन्नानी वस्तीत गेलो. 1949 नंतर कम्युनिस्टांपुढे माघार घेऊन ब्रह्मदेशात आलेल्या चिनी सैन्याच्या कुटुंबांचे वंशज तिथे राहतात. मातीची घरे, चहाची दुकाने. पर्यटकांसाठी थोडे नटवलेले आहे, ते आम्हाला रुचले नाही, चहा मात्र चांगला.

परतताना ड्रायव्हरने फोनवर फोटो दाखवले, गळ्यात पितळी कड्या घातलेल्या कायान बायकांच्या गावाचे. तिकीट काढून आत जायचे आणि फोटो घ्यायचे. या बायका ब्रह्मदेशातल्या लढाईतून पळून आलेल्यांपैकी. त्या कमाईवर त्यांची घरे चालतात हे खरे, आणि न जाण्याने त्यांचे काही भले होत नाही हेही खरे. दोघांनी गाडीतच बराच वेळ वाद घातला. बेगमसाहिबा म्हणाल्या, “बाजारात बसल्या असत्या तर शाल घेतली असती. तिकीट काढून बाई बघायला मला जमणार नाही.” आम्ही गेलो नाही.

ड्रायव्हरला वाटले पैसे जास्त वाटले असतील. तसे नाही हे कळल्यावर तो हसला आणि समोरच्या डोंगरांकडे हात करून म्हणाला की त्याचे वडीलही तिकडूनच, शान प्रांतातून, चालत आले होते. मग त्याने न विचारता गाडी गावातल्या मशिदीपाशी उभी केली. मगरीबची वेळ होत आली होती. पलीकडे तव्यावर रोटी भाजणारी बाई आमची वाट पाहत असल्यासारखी हसली. दोन रोट्या नमाजनंतरसाठी सांगून ठेवल्या.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जावे, रात्री स्वेटर लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगले जाळल्याचा धूर खोऱ्यात कोंडतो. दम्याच्या माणसाने त्या दिवसांत तिकडे फिरकू नये.