रबर काढल्यावर

बेअरिंग म्हटलं की आपल्याला छर्रे आठवतात. स्फेरिकल बेअरिंगमध्ये छर्रे नसतातच. एकच पोलादी गोळा, त्याच्या आरपार बोल्टसाठी भोक, आणि त्याला बाहेरून कवेत घेणारी रिंग. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा तो हवा तसा कलतो, पण जागा सोडत नाही. दांड्याच्या टोकाला असा गोळा बसवला की त्याला ब्रिटनमध्ये रोज जॉइंट म्हणतात आणि अमेरिकेत हाइम जॉइंट. दोन्ही कंपन्यांची नावं.

गाडीचं पुढचं चाक बॉडीला ज्या लोअर आर्मने जोडलेलं असतं, त्याच्या बॉडीकडच्या टोकाला कंपनी रबराचे बुश देते. खड्ड्याचा धक्का ते गिळतात. पण जोरात ब्रेक मारला की तेच रबर दबतं, चाक किंचित मागे सरकतं आणि स्टिअरिंग ढिलं वाटतं. शर्यतवाल्यांना हे चालत नाही, म्हणून ते रबर काढून गोळा बसवतात. माझ्या मावसभावाने, दादाने, हौशी शर्यतींच्या नादात सोलापुरातल्या जुन्या हॅचबॅकला असे बाहेरचे आर्म बसवून घेतले. पुढे नाद सुटला, आर्म राहिले. आता मावशी आणि काका दर गुरुवारी त्याच गाडीतून स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जातात.

मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा हे गोळे पहिल्यांदा हाताळले. पिथमपूरला 2007 पासून होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी पोरं स्वतः गाडी बांधतात, आणि तिच्या ए-आर्मला हेच असतात. पण ती गाडी वर्षातून मोजके दिवस पळते, आणि तिच्याखाली कोणी ना कोणी कायम आडवं पडलेलं असतं. घरच्या गाडीखाली कोण पडतं?

आणि या बेअरिंगला बघणारा माणूस लागतोच. गोळा आणि रिंग यांच्यामध्ये टेफ्लॉनचं पातळ अस्तर असतं. त्यावर गोळा कोरडाच फिरतो. ग्रीस लावायचं नाही. हे आपल्या मेकॅनिकला पटत नाही, ‘सांधा तिथे ग्रीस’ हे त्याच्या हातातच बसलेलं. पण ग्रीसला धूळ चिकटते आणि त्या धुळीचा पॉलिश पेपर होतो. लूमवर काम केलेल्या सोलापूरकराला हे सांगायला नको. तेल जास्त झालं की कापसाची रुई तिथेच जाऊन बसते. निप्पल असलेले, धातूवर धातू घासणारे सांधे वेगळे. त्यांना ग्रीस हवंच, जुनं काळं बाहेर पडेपर्यंत. आपल्या गाडीत कोणते आहेत हे आधी बघायचं.

इकडची काळी माती, ऊसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, वर धुताना थेट सांध्यावर प्रेशरचं पाणी. अस्तर किती दिवस टिकणार? कोरड्या फडक्याने पुसणं आणि मिळालं तर रबरी कव्हर चढवणं, एवढंच आपल्या हातात. झिजलेलं अस्तर दुरुस्त होत नाही, बेअरिंगच बदलावं लागतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मावशी म्हणाली, “गाडी टकटक करायलीय रे, जरा बघ की.” दादाने गाडी स्टँडवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, उजवीकडे हाताला टक् लागलं. मग त्याने टॉमी घालून आर्म हळूच उचकला आणि मी सांध्यावर आडवं बोट ठेवलं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. इथे एक गोष्ट नीट ओळखावी लागते. गोळा रिंगमध्ये हलत असेल तर बेअरिंग गेलं. रिंगच आर्ममध्ये हलत असेल तर आर्मचं घर झिजलंय, नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही. आमचा गोळा हलत होता. बोल्ट घट्ट होता, सर्क्लिप जागेवर होती.

“काय बे, बेअरिंगच आहे ना. मागवतो,” दादा म्हणाला.

मी म्हटलं, जुने आर्म लाव, रबराचे. रबर तडकलं तरी बरेच दिवस नुसतं कुरकुरतं, चालवून घेतं. याच्यात एकदा फट पडली की प्रत्येक खड्डा हातोडा मारतो. आणि काकांना टकटक ऐकू येत नाही, ते गाडीत भजन लावतात.

दादा गप्प बसला. मग म्हणाला, “तसं स्टिअरिंग परत नाही मिळत.” ते खरंच आहे. ती गाडी मीही चालवलीय. विचार केला की वळते.

जुने आर्म माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले निघाले. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहून त्यांचंही रबर भेगाळलेलं. नवे बुश प्रेसवर दाबून घ्यावे लागणार होते, आणि ते बसवताना बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उभी करूनच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. दादाने बुशही मागवले आणि बेअरिंगही.

त्या गुरुवारी मावशी-काका एसटीने अक्कलकोटला गेले.