शेवंडाचे १५ कोटी वर्षांचे बाळ

मालवण-रत्नागिरीकडे ज्याला शेवंड म्हणतात, त्या मिशाळ जलचराची चव आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. पण त्याचे बाळपण पाहिलेला माणूस विरळा! अंड्यातून निघालेले हे पोर आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. काचेसारखे पारदर्शक, पानासारखे चपटे, आणि पाय कोळ्यासारखे लांबच लांब. कित्येक महिने ते समुद्रात नुसते तरंगत असते. शास्त्रज्ञ त्याला ‘फायलोसोमा’, म्हणजे पर्णदेह, म्हणतात. असल्या जिवाचा मागमूस तो काय राहणार? पण तो राहिला आहे, आणि तोही दगडात! तो पाहायला गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता जर्मनीत, बव्हेरियातल्या आइशटेट गावी गेलो.

मराठीच्या अध्यापकाने दगडांच्या नादी का लागावे, असे कोणी विचारील. जुन्या शिळाछाप पोथ्या हाताळणाऱ्याला हा मुलूख परका नाही. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ती काढली ती याच प्रदेशातल्या चुनखडीवर; आणि त्याच विद्येने १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले.

आल्टम्यूल नदीकाठच्या या टुमदार गावावर ब्लूमेनबेर्ग नावाची टेकडी आहे. तिथली एक खाण प्रवाशांना खुली असते. हातोडी-छिन्नी भाड्याने घ्यायची आणि उन्हात बसून दगडाचे थर पोथीच्या पानांसारखे उलगडायचे. १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार खाजण होते. तळाचे पाणी इतके खारट आणि प्राणवायूविना, की मेलेल्या जिवाला कुरतडायलाही तिथे कोणी जगत नसे. वरून चुन्याचा मऊ गाळ बसत गेला, आणि काचेचे ते बाळ पाय पसरून निजले ते निजलेच.

“अहो, हे बघा नेचे!” सौ. आनंदाने म्हणाल्या. शेजारी बसलेले एक वृद्ध जर्मन गृहस्थ हसले. ती वनस्पती नव्हे, लोह-मँगेनीजने दगडावर काढलेली नक्षी, असे त्यांनी मोडक्या इंग्रजीत समजावले. मग त्यांनी पेटीतून एक फरशी काढली. तिच्यावर जेमतेम एक फिकट डाग. त्यांनी वर काळे कापड धरले, आत अतिनील किरणांची बॅटरी लावली, आणि डाग उजळला! चपटे अंग, एकेक पाय, पायांचे सांधेसुद्धा! छिन्नी त्यांनी तिला मुळीच लावली नव्हती; एका खरवड्यात पाय गेले असते.

या बाळाची ओळख पटायलाही वेळ लागला. १८३६ साली म्यून्स्टर यांनी त्याला कोळ्यांत घातले. ती शेवंडाच्या कुळाची पिले आहेत, हे सेबाख यांनी १८७३ मध्ये दाखवले.

तिथल्या खाणींत जमिनीच्या फरशा आजही हाताने उकलतात. कारागीर दगडावर हळूच ठोकतो, आवाज ऐकतो आणि पान वेगळे करतो. प्रत्येक पान माणसाच्या डोळ्यांखालून जाते, म्हणून तर १८६१ मध्ये तो सुप्रसिद्ध पिसांचा आदिपक्षी जगाला ठाऊक झाला. दगड सरसकट यंत्रात भरडला, तर असली बाळे किती गेली याचा हिशेबही राहणार नाही.

“एवढी दुर्मिळ वस्तू, घरी दर्शनी जागी ठेवत असाल?” मी त्या गृहस्थांना विचारले.

“छे! ती संग्रहालयात द्यायची आहे,” ते म्हणाले. “माझ्या माघारी घरच्यांना ती कोरी फरशी वाटेल, आणि अंगणात बसवून टाकतील!”